खुर्चीची शिट्टी

काही माणसं बसली की बसतात. भिंगरी बसला तरी त्याचा उजवा पाय बसत नसे. जेवताना, पेपर वाचताना, आजारी माणसाला भेटायला गेला तरी टाच उचललेली आणि गुडघा आपला थडथडतोय. खाटेवर बसला की खाट हलायची, बाकावर बसला की शेजारचा माणूस वैतागून उठून जायचा. आई म्हणायची, हा पोटात होता तेव्हाही हा पाय असाच होता, मला काही नवीन नाही. इतरांच्या पायाला भिंगरी लागली तर निदान चार गावं तरी बघून होतात. ह्याची भिंगरी जागच्या जागी. म्हणून हे नाव पडलं, आणि एवढा दांडगा, मिशा राखणारा बाप्या जन्मभरासाठी भिंगरी होऊन बसला.

आणि अशा माणसाला काम मिळालं ते कसलं, तर चिपमध्ये प्रोग्राम भरण्याचं. एका गाळ्यात कपडे धुण्याच्या यंत्रांची बोर्डं तयार व्हायची. बोर्डावर नखाएवढी काळी चिप असते, मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला. कोरी असते तेव्हा ती ठार अडाणी. भिंगरीने बोर्डाला यूएसबीची केबल लावायची, कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, की चिपच्या फ्लॅश मेमरीत प्रोग्राम उतरायचा. एकदा उतरला की वीज जाऊ दे, यंत्र वर्षभर धूळ खात पडू दे, तो जात नाही. पण ह्या फ्लॅशची एक खोड आहे. जुन्यावर नवं गिरवता येत नाही. आधी जुनं पुसायचं, मग नवं लिहायचं, मग लिहिलेलं बरोबर उतरलंय ना ते ताडून पाहायचं. पुसणं झालं आणि लिहिणं पुरं व्हायचंय, एवढ्या वेळात चिपला ना जुनं आठवत असतं ना नवं आलेलं असतं. तेव्हा केबलला धक्का लागता कामा नये.

पहिल्याच आठवड्यात भिंगरीच्या गुडघ्याने टेबल इतकं हलवलं की मालकांनी कपाळाला हात लावला. पण माणूस कामाला चोख होता, सोडवेना. शेवटी त्यांनी त्याच्यासाठी छातीएवढं उंच टेबल करून घेतलं आणि सांगितलं, तू बाबा उभ्यानेच कर. उभा राहिला की पाय गप्प राहायचा. कारखान्यातला प्रश्न तिथे मिटला. घरातला नाही मिटला.

घरी तो, आई आणि धाकटी. धाकटी म्हणजे त्याची बहीण, वयाने बरीच लहान आणि जिभेने बरीच मोठी. शाळकरी वयात एका तापात तिचे दोन्ही पाय गेले. आमच्या घरात एकाचा पाय थांबत नाही आणि एकीचा हलत नाही, असं ती स्वतःच पाहुण्यांना सांगायची. पाहुण्यांना हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

भिंगरीला ते कधी हसण्यावारी नेता आलं नाही. काहीतरी करायला पाहिजे, काहीतरी करायला पाहिजे, असं त्याच्या आत सारखं चालू असायचं. पाय तर आणून देता येत नव्हते. मग त्याने खुर्ची केली. चाकांची जुनी ढकलायची खुर्ची, भंगारातल्या दोन मोटारी, बॅटऱ्या, हाताशी एक छोटी दांडी, आणि सीटखाली मालकांना विचारून आणलेलं एक बोर्ड. दांडी पुढे केली की खुर्ची पुढे, डावीकडे केली की डावीकडे. किती जोराने निघायचं, किती हळू थांबायचं, सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं. बोर्डावर पाणी जाऊ नये म्हणून वरून सिलिकॉनचा जाड थर दिला, केबल लावायचं सॉकेट तेवढं उघडं ठेवलं. पहिल्यांदा धाकटी त्या खुर्चीतून एकटी खाटेपासून खिडकीपर्यंत गेली, तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती आणि भिंगरी म्हणत होता, जरा डावीकडे ओढतेय, बघतो.

आणखी एक गोष्ट त्याने त्यात घातली होती. खुर्ची जागची हलली की बारीकशी शिट्टी वाजायची. मागच्या माणसाला कळावं म्हणून, असं तो सांगायचा. मागच्याला कशाला, कळायचं तर पुढच्याला कळायला हवं, असं धाकटी म्हणाली, तर त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरी गोष्ट अशी की भिंतीपलीकडे असताना ती शिट्टी ऐकू आली की त्याला समजायचं, ही खाटेपासून निघाली, आता खिडकीशी थांबली, आता दाराकडे वळली. तेवढ्यापुरता त्याचा जीव भांड्यात पडायचा.

खुर्ची झाली, तिथेच त्याने थांबायला हवं होतं. पण ऐकेल तो भिंगरी कसला. दर रविवारी केबल बाहेर. धाकटी खाटेवर, खुर्ची आडवी पाडलेली, स्टुलावर लॅपटॉप आणि हा फरशीवर. कधी वळण सुधारायचं, कधी ब्रेक मऊ करायचा, कधी सुरुवातीचा हिसका घालवायचा. दर वेळी नवी फाइल. आधी 'नवी', मग 'खरी नवी', मग 'शेवटची', मग 'शेवटची पक्की', मग 'आता बास'. आता बास म्हणून थांबला असेल असं वाटलं तर तुम्ही त्याला ओळखलंच नाही. काम झालं की मात्र तो अर्धा तास असा शांत बसायचा की हातातल्या कपातला चहासुद्धा हलत नसे.

आणि सोमवारी धाकटी उंबरठ्याला धडकायची. हाताला जेवढी दांडी रेटायची सवय झालेली असायची तेवढी रेटली की खुर्ची भलतीकडेच. मग दोन दिवस हात चाचपडायचा, तिसऱ्या दिवशी शिकायचा, शिकून रुळतोय तोवर पुन्हा रविवार. एरवी चहा पातळ झाला तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई, पण ह्या बाबतीत अवाक्षर काढत नव्हती. आईला ह्याचं नवल वाटायचं. भिंगरीला वाटत नव्हतं. त्याला वाटायचं, तिला आवडतंय.

मग धाकटीला नोकरी लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात, चौकशीच्या खिडकीत. आलेल्या माणसाला काय होतंय ते विचारायचं आणि कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. माणसांना कुठे जायचं ते सांगायला मला फार आवडेल, असं ती म्हणाली. आणि त्याच दमात जाहीर केलं, की पहिल्या दिवसापासून मी एकटी जाणार. गल्लीतून बाहेर, पुलाखालून, मोठा रस्ता ओलांडून. सोबत कोणी नको आणि मागे मागेही कोणी नको. निदान पहिल्या दिवशी तरी दादाला घेऊन जा, असं आईने काकुळतीने सांगून पाहिलं.

"पहिल्या दिवशीच नको," धाकटी म्हणाली. "पहिल्या दिवशी ढकलत आणलेली बाई कायम ढकलत आणलेलीच राहते."

तिने सराव केला. दुपारच्या वेळी, रस्ता जरा मोकळा असताना, ती पुलाखालून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायची. कुठे गटाराचं झाकण वर आलंय, कुठल्या दुकानासमोर उतार आहे, सिग्नल किती वेळ टिकतो, सगळं तिने तोंडपाठ केलं. भिंगरी मात्र त्या दिवसांत सुकत चालला. कारखान्यातून येताना तो मुद्दाम त्या मोठ्या रस्त्याने यायचा आणि कोपऱ्यावर उभा राहून गाड्या बघायचा. रात्री जेवताना आई त्याच्या गुडघ्यावर चमचा मारायची, तरी थांबायचा नाही.

तो दिवस उजाडला. धाकटी भल्या सकाळीच तयार होऊन खाटेवर बसली होती. इस्त्रीचे कपडे, घट्ट वेणी, शेजारी डब्याची पिशवी. निघायला अजून अवकाश होता, आणि मोकळा वेळ हा भिंगरीचा वैरी. आधी त्याने चाकांत हवा बघितली. मग बॅटरी बघितली. मग खिडकीतून आभाळ बघितलं, जणू तेही त्यालाच दुरुस्त करायचंय. मग, चार्जिंग नीट झालंय का ते जरा बघतो, असं पुटपुटत त्याने खुर्ची आडवी केली आणि केबल काढली.

चार्जिंगचं नाव नुसतं. आदल्या दिवशीच त्याने 'एकदम नवी' तयार करून ठेवली होती. फार काही नव्हतं तिच्यात, खुर्चीचा वेग कमी केला होता. हळू जाईल तर जपून जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात. विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही. उलट, तिच्या भल्याचंच तर आहे, अशी स्वतःची समजूत घातली. तिच्या भल्याचं ठरवताना तिला विचारावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असंही नाही, पण आलेलं त्याने बाहेर घालवलं.

केबल आखूड. स्टुलापासून खुर्चीपर्यंत ताणलेली. त्याने बटण दाबलं. पुसून झालं. लिहायची पट्टी पडद्यावर सरकायला लागली, मुंगीच्या चालीने. भिंगरीचं मन तोवर मोठ्या रस्त्यावर पोचलं होतं, आणि गुडघा कधी सुरू झाला ते त्याचं त्याला कळलं नाही. पायाचा अंगठा केबलमध्ये अडकला आणि एका हिसक्यात केबल सॉकेटातून बाहेर.

लॅपटॉपवर लाल अक्षरं आली. भिंगरीने घाईघाईने केबल परत खुपसली. कॉम्प्युटरला खुर्ची दिसेना. दिसणार कशी? आतला प्रोग्रामच केबलला ओ देत होता, तोच अर्धवट राहिल्यावर ओ देणार कोण? त्याने खुर्ची सरळ केली, दांडी रेटली. चाक हललं नाही. शिट्टी वाजली नाही. त्या न वाजलेल्या शिट्टीने धाकटीने मान वर केली.

"काय केलंस?"

त्याने सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. आई स्वयंपाकघरातून आली ती तशीच दारात उभी राहिली, हातातलं फडकं पिळत. मग भिंगरी एका दमात म्हणाला, की मी ढकलत नेतो ना, आत्ता निघालो तर वेळेवर पोचू, कोणाला काही कळणार नाही. आणि हे म्हणताना त्याला आत कुठेतरी बरं वाटलं. चला, आज तरी एकटी जाणार नाही. ते बरं वाटलेलं त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच एवढी लाज वाटली की मान वर करवेना.

धाकटीने ढकलण्याचं उत्तरसुद्धा दिलं नाही. नीट होईल का तेवढं सांग, म्हणाली.

होईल, पण. चिप बनवणाऱ्यांनी तिच्यात एक छोटा भाग कायमचा लिहून ठेवलेला असतो, तो कोणाच्या बापाला पुसता येत नाही. बोर्डावरचं 'बूट' लिहिलेलं बारीक बटण दाबून धरायचं आणि मग केबल लावायची, की तो भाग जागा होतो आणि प्रोग्राम नव्याने घेतो. कारखान्यात तो हे सहज करायचा. पण इथे ते बटण सिलिकॉनखाली गाडलेलं होतं, आणि गाडणारा हाच. पाणी जाऊ नये म्हणून बंदोबस्त केला, स्वतःलाही आत जाता येऊ नये असा. आईने केसांतला आकडा काढून दिला. भिंगरी फरशीवर उताणा झोपला, डोकं खुर्चीखाली, आणि सिलिकॉनचा थर खरवडायला लागला. घाम डोळ्यांत जात होता. घड्याळाकडे कोणीच बघत नव्हतं आणि तिघांनाही त्याचीच टिकटिक ऐकू येत होती.

बटण सापडलं. पण हिसक्याने सॉकेट सैल झालं होतं. केबल हाताने दाबून धरली तरच लागत होती, म्हणून सगळं होईपर्यंत तशीच धरून ठेवावी लागणार. म्हणजे भिंगरीचे दोन्ही हात खुर्चीखाली अडकले. खुर्ची खाटेला खेटूनच होती, तेव्हा लॅपटॉप आईने उचलून धाकटीच्या मांडीवर ठेवला. आणि पाय? पायाचा भरवसा कोण देणार? आई खाली बसली आणि त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी फरशीला दाबून धरला, लहानपणी नखं कापताना धरायची तसा.

"चिप दिसतेय," धाकटी म्हणाली. "खाली फाइलींची यादी आहे."

"'एकदम नवी' घे," भिंगरी खुर्चीखालून म्हणाला.

"तिच्यात काय आहे?"

आईने पाय जरा जोरात दाबला.

"वेग कमी केलाय. रस्ता ओलांडताना भीती नको म्हणून."

"कोणाला?"

धाकटीचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. ती म्हणाली, सिग्नल किती वेळ राहतो ते मला पाठ आहे, ह्या वेगाने गेले असते तर मी रस्त्याच्या मध्यावर असताना गाड्या सुटल्या असत्या. तेवढं सोडून बाकी सगळ्याचा विचार त्याने केला होता.

"दादा, तुला ही खुर्ची वाटते," ती म्हणाली. "माझे पाय आहेत हे. दर रविवारी तू माझे पाय बदलतोस, आणि दर सोमवारी मी पुन्हा चालायला शिकते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"ते झालं की तुझा पाय थांबतो. अर्धा तास का होईना. बघून बरं वाटायचं मला."

मग तिने विचारलं, पुलाखालून मी पहिल्यांदा एकटी जाऊन आले, त्या दिवशी खुर्चीत कोणती फाइल होती? खोटं बोलायला क्षण पुरला असता. कोणतंही नाव सांगितलं असतं तरी तिला निघण्यापूर्वी कळलं नसतं. भिंगरी खुर्चीखालच्या अंधारात डोळे मिटून पडला होता.

"'शेवटची पक्की'," तो म्हणाला. "मागच्या रविवारी 'आता बास' घातली. तुला न विचारता."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "सोमवारी दाराला धडकले होते." आणि तिने 'शेवटची पक्की' निवडून बटण दाबलं.

पट्टी सरकायला लागली. पुसणं, लिहिणं, ताडून पाहणं. भिंगरीला पडदा दिसत नव्हता. असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता, काम चालू आहे आणि आपण बघू शकत नाही. धाकटी वाचून दाखवत होती, आणि तिने वाचलं तेवढंच त्याला कळत होतं. आईच्या हाताखाली पाय धडपडत होता, पण आई ऐकत नव्हती. शेवटी धाकटी म्हणाली, झालं, काढ.

भिंगरीने खुर्चीखालून बाहेर येऊन धाकटीला बसवलं, डब्याची पिशवी दिली. तिने दांडी हलकेच पुढे केली. शिट्टी वाजली. ती दारापाशी थांबली आणि हात पुढे केला. भिंगरीला आधी वाटलं, हात धरायला. पण तिने त्याच्या हातातली केबल घेतली, गुंडाळली, पिशवीत टाकली आणि निघाली. उंबरठ्याला चाक लागलं नाही.

त्या दिवशी कारखान्यात भिंगरीचा पाय उभ्यानेसुद्धा हलत होता. मालक दुरून बघत राहिले, मग जवळ येऊन म्हणाले, आज तू नुसती बोर्डं पुसून ठेव, चिपला हात लावू नकोस. त्याने ऐकलं. संध्याकाळी तो मोठ्या रस्त्याने न जाता मागच्या गल्लीने घरी आला. हे त्याच्यासाठी किती अवघड होतं ते ज्याचं त्याला माहीत. मग दारात बसून राहिला. आईने चहा दिला तो निवला, दुसरा दिला तोही निवला. दिवे लागायच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकू आली, आणि भिंगरीने तोंड फिरवून डोळे पुसले.

धाकटी दमली होती आणि बोलत सुटली होती. एका आजोबांनी चष्मा डोक्यावर असताना चष्मा हरवल्याची तक्रार केली. एक बाई दिवसभरात चार वेळा येऊन तीच खोली विचारून गेली. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, की खुर्चीचं काय? बरी चालली, ती म्हणाली. उतारावर? उतरली. रस्त्यात? ओलांडला. करण्यासारखं काहीच नाही? धाकटीने त्याच्या पायाकडे बघितलं.

"एक आहे. ती शिट्टी काढायची."

भिंगरी घुटमळला. दवाखान्यात पेशंट दचकतात, ती म्हणाली, डोळ्यांवर पट्टी असते त्यांच्या. खरंच होतं ते. पण दोघांनाही ठाऊक होतं की गोष्ट पेशंटची नाही.

"मग मला कळणार कसं?" त्याने विचारलं.

"कळणार नाही," धाकटी म्हणाली. ते तिने प्रेमाने म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

रविवारी तिने पिशवीतून केबल काढली. भिंगरीने नवं सॉकेट बसवलं, शिट्टीच्या तेवढ्या ओळी काढल्या आणि फाइलीला नाव काय द्यायचं ते तिला विचारलं. तिने आपलंच नाव दिलं. मग लॅपटॉप तिने स्वतःकडे ओढला. केबल तिने लावली, बटण तिने दाबलं. भिंगरी दोन्ही हात मांडीखाली घालून फरशीवर बसला, केबलपासून चांगला लांब, आणि पट्टी पुरी होईपर्यंत त्याने तोंडसुद्धा उघडलं नाही.

दुपारी तो आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. बाहेर सामसूम होती. खाटेपासून खिडकी, खिडकीपासून दार, काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ त्याने कळ काढली, मग राहवेना.

"आहेस का गं?" त्याने हाक मारली.

उत्तर आलं नाही. बाहेरच्या खोलीत आई एकटीच भाजी निवडत होती. दार उघडं होतं आणि गल्लीत ऊन पडलं होतं. भिंगरी उठून दारापर्यंत आला, गल्लीकडे बघितलं नाही, आणि आईशेजारी खाली बसला. त्याचा गुडघा असा थडथडत होता की पसरलेल्या पेपरावरची भाजी हलायला लागली. आईने पेपर जरा बाजूला सरकवला आणि पायाला काही बोलली नाही.